चौथी गाठ

माझ्या दुकानात दोन पाट्या आहेत. एक बाहेर दारावर: "वापरलेल्या गिटार. खोड सांगून मिळतील." दुसरी आत, कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर: "डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडून बोला." दोन्ही मीच रंगवल्या आणि दोन्हींवरून लोक मला तिरसट म्हणतात. म्हणू देत. संगमनेरात गोड बोलून जुनी गिटार गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. "एकदम नव्यासारखी आहे ताई, घरात नुसती ठेवलेली होती." नुसती ठेवलेली होती तर मानेवरच्या पट्ट्यांना खड्डे कोणी पाडले, उंदरांनी?

विकायला आणणारेही तसेच. पॉलिश मारून आणतात, चिरेत मेण भरून आणतात, आणि मी दाभण टोचून मेण बाहेर काढलं की म्हणतात, अरेच्चा, हे कधी झालं! एकानं तर फुटलेल्या जागेवर देवाचं स्टिकर लावलं होतं. म्हणजे मी ते उचकटायला धजणार नाही. मी उचकटलं, त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे घरी देव्हाऱ्यात लाव.

खोड सांगून विकायची रीत मात्र माझी नाही. ती आबांची. माझे वडील सूर्यभान काष्टीच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. बैलाच्या जेवढ्या खोडी तेवढ्या गाठी ते कासऱ्याला मारायचे. मारका असला तर एक गाठ. औताला जुंपल्यावर मध्येच बसत असला तर दुसरी. खांद्याला आवाळू असलं तर तिसरी. गिऱ्हाइकाच्या हातात कासरा देताना एकेक गाठ चाचपून खोड मोठ्यानं सांगायचे, चार माणसांना ऐकू जाईल अशी. न सांगितलेली खोड आठ दिवसांत निघाली तर जनावर परत घ्यायचे. बाकीचे व्यापारी हसायचे. सूर्यभान स्वतःच्याच बैलाची बदनामी करतो, म्हणायचे. पण लांबून आलेला शेतकरी आधी "गाठीवाला कुठं बसतो" असं विचारायचा.

माझ्या दुकानात कासऱ्याच्या जागी सुतळी आहे. गिटारीच्या डोक्याला बांधलेली. सोबत एक चिठ्ठी, पण गिऱ्हाईक चिठ्ठी वाचत नाही, गाठी मोजतं. आणि त्या गाठी आजही आबाच मारतात. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते माझ्याकडेच असतात. मी गिटार तपासते, सापडेल ती खोड मोठ्यानं बोलते, ते गाठ मारतात. त्यापलीकडे आम्ही बोलत नाही. जेवायला या, आलो. गोळी घेतली का, घेतली. झालं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी स्टूल टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलं होतं, टेबलफॅनच्या समोर. त्यांनी ते उचललं आणि उजव्या बाजूला नेलं. तिकडं पत्र्याची भिंत, दुपारी भट्टी. एप्रिलमध्ये सदरा पाठीला चिकटतो, पण माणूस जागा सोडत नाही. पंखा मला वळवता आला असता. पण हट्टी माणसासाठी मी कशाला वळवू? बसा घामात.

एवढा राग कशाचा, असं कुणाला वाटेल. सांगते. आबांनी आयुष्यात शेकडो जनावरं गाठी मारून विकली. गाठ न मारता दिली ती एकच: मी.

सात वर्षांची असताना मला गालगुंड झालं आणि डावा कान गेला. कायमचा. एकविसाव्या वर्षी देवळाली प्रवऱ्याचं स्थळ आलं. मुलगा कल्याण, साखर कारखान्यावर नोकरीला, घरचा ऊस. बघायला आले त्या दिवशी आबांनी स्वतः सतरंजी अंथरली आणि सगळ्या पाहुण्यांना माझ्या उजव्या हाताला बसवलं. प्रत्येक प्रश्न मला ऐकू आला, प्रत्येकाचं उत्तर मी दिलं. होणारी सासू म्हणाली, पोरगी चुणचुणीत हाय. कानाचा शब्दही कुणी काढला नाही. मला वाटलं, आबांनी आधीच सांगितलं असेल. बैलाची खोड सांगणारा माणूस पोरीची सांगणार नाही, हे माझ्या मनातही आलं नाही.

सासरी सासू चुलीपाशी बसून डावीकडून हाका मारायची आणि मी ढिम्म. आधी माजोरी ठरले. मग कामचुकार. दुसऱ्या महिन्यात पितळ उघडं पडलं. कल्याणनं मला माझ्या पिशवीसकट गाडीत घातलं आणि घरी नाही, सरळ काष्टीच्या बाजारात नेलं. भर दुपारी, बैलांच्या रांगेत, आबांच्या समोर उभं केलं. म्हणाला, "बैलाला गाठी मारता, मग पोरीला का न्हाई मारली? आठ दिस उलटून गेलेत, तरी घ्या परत."

माणसं हसली. सगळी नाही, पण जी हसली त्यांची तोंडं मला अजून आठवतात. मी आबांकडं बघत होते. एक शब्द बोलतील. शिवी देतील. माझी पोरगी जनावर आहे का, एवढं तरी म्हणतील. आबांनी माझी पिशवी उचलली आणि चालायला लागले. बस.

पुढच्या वर्षी त्यांनी व्यापार सोडला. गाठीवाल्याच्या गाठीवर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणायचे, बापाच्या जिवाला लागलं. लागलं असेल. बाजारात उभी मी होते.

नंतर मी पुण्यात वाद्यदुरुस्तीच्या दुकानात सात वर्षं काढली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं पहिल्याच दिवशी सांगितलं, सूर जुळवायला एक चांगला कान पुरतो, दोन असून बहिरे पुष्कळ बघितलेत. तेवढ्यावर मी उभी राहिले. मग संगमनेरात हे दुकान टाकलं.

तर या एप्रिलमध्ये एक गिटार आली. आवाजाला फार गोड. मी तपासायला घेतली आणि आबांनी सुतळी. पाठीवर वीतभर ओरखडा, एक गाठ. तार पिळायची एक खुंटी सैल, दुसरी. तिसऱ्या पट्टीवर तार भणभणते, तिसरी. मग मी मान उलटी करून उजेडात धरली. जिथं डोकं मानेला जुळतं तिथं पॉलिशच्या खाली केसाएवढी रेघ. मान कधीतरी मोडली होती आणि कुणीतरी घरच्या घरी हलक्या गोंदानं चिकटवली होती.

"चौथी," मी म्हणाले. "मान मोडून जोडलेली. जोड आपला नाही. ऊन लागलं की उघडेल."

"लई मोठी खोड," आबा म्हणाले आणि गाठ दोनदा आवळली. विकणाऱ्याला ती रेघ दाखवून मी गिटार पडत्या भावात घेतली आणि तशीच पडत्या भावात विकणार होते. चिठ्ठीत लिहिलं: उन्हात, बंद गाडीत ठेवायची नाही, जोडाची हमी नाही. तोवर कुणी नेली नाही तर सवडीनं जोड उकलून नीट करायचा विचार होता.

दोन दिवसांनी, अकराच्या सुमाराला, दुकानापुढं गाडी थांबली. सतरा-अठरा वर्षांची मुलगी आत आली, सुकन्या तिचं नाव, इथंच कॉलेजला होती. तिच्या मागून तिचा बाप. केस मागं हटलेले, पोट सुटलेलं, बोटात अंगठी. चालण्यावरून ओळखला. त्यानं मला ओळखलं नाही, भिंतीवरची पाटी ओळखली. ती वाचली, मग माझ्याकडं बघितलं, मग स्टुलावरच्या म्हाताऱ्याकडं. आबांनी तोंड पत्र्याकडं फिरवलं आणि सुतळी वळत बसले.

"चल," कल्याण मुलीला म्हणाला. "दुसरीकडं बघू."

"पप्पा, हर्षल सरांनी इथंच घ्यायला सांगितलंय. बाकी सगळे फसवतात म्हणे." हा हर्षल इथं गिटारीचा क्लास घेतो. मी त्याला कमिशन देत नाही म्हणून माझ्यावर जळतो, पण मुलांना पाठवतो माझ्याकडेच.

"आनि इथं फसवत न्हाईत व्हय?" कल्याण माझ्याकडं बघून बोलत होता. "सगळ्या खोडी सांगता म्हने तुमी. कधीपास्नं?"

"वीस वर्षं झाली. तुमच्याकडूनच शिकले."

"बरं झालं. घरान्यात कुनीतरी शिकलं."

आबांचे हात थांबले. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस तोंड उघडेल. आबांनी सुतळीचं टोक दाताखाली धरलं आणि पुन्हा वळायला लागले. माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दोघांचाही राग आला, आणि आला तो एकत्रच आला.

मुलीचं या कशाकडे लक्ष नव्हतं. तिनं भिंतीवरच्या चार गिटारी वाजवून बघितल्या आणि तीच धरून बसली. चार गाठींची. डोळे मिटून तार छेडायची आणि हसायची. "पप्पा, हीच."

"तारा जुन्या आहेत," मी म्हणाले. "बदलून देते. तासाभरानं या."

ती दोघं चहाला गेली. मी दाभण घेतलं आणि चौथी गाठ सोडवायला बसले. आबांची गाठ दोनदा आवळलेली, सुतळीचे धागे तुटायला लागले तरी सुटेना. नखं दुखली. आबा बघत होते. मला हवं होतं त्यांनी बघावं. गाठ सुटली, मी सुतळी ओढून सरळ केली, जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. ओरखडा, खुंटी, पट्टी. खाली सही.

ती दोघं परत आली तेव्हा कल्याणनं सुतळी हातात घेऊन गाठी बोटानं चाचपल्या. बाजारातल्यासारख्या. "तीनच?"

"तीनच," मी म्हणाले. मोठ्यानं, चौघांना ऐकू जाईल असं.

भाव मात्र मी चार खोडींचाच घेतला. मनाची समजूत. मुलीनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि गिटारीच्या कव्हरच्या खिशात ठेवली, जपून, परीक्षेचं हॉलतिकीट ठेवतात तशी. पाच दिवस सुट्टी होती, ती बापाबरोबर देवळालीला चालली होती. कल्याणनं गिटार गाडीच्या डिकीत टाकली आणि झाकण आपटलं. बाहेर असं ऊन की डांबर चपलेला लागत होतं. मी दारात उभी होते. एक वाक्य पुरेसं होतं. मी बोलले नाही.

गाडी वळली तसे आबा म्हणाले, "चार मारल्या हुत्या मी."

"दुकान माझं आहे."

"व्हय. पन गाठ माजी हुती."

"तुमची गाठ!" मी ओरडलेच. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. "मला किती मारल्या होत्या, आबा? बैलाच्या खांद्यावरचं आवाळू गावभर सांगायचात आणि पोरीचा कान लपवलात! तो मला बाजारात टाकून गेला तेव्हा गप्प. आज माझ्या दुकानात येऊन बोलून गेला, तेव्हाही गप्प. आणि आता माझ्यापुढं गाठीचा हिशेब?"

त्यांचे ओठ हलले. मग मिटले. ते उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. ते मिटलेले ओठ मी वीस वर्षं बघत आले होते, आणि त्या दिवशी मला ते सुतळीनं शिवून टाकावेसे वाटले.

खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. काम करताना गुणगुणत होते. खोड लपवून माल गळ्यात पडला की कसं वाटतं, कळू दे त्यालाही. तिसऱ्या दिवशी ती चिठ्ठीची घडी डोळ्यांपुढं आली. मग येतच राहिली. आबा सुतळी वळायचे, पण नवीन गिटारी गाठी मारायला मी त्यांना दिल्या नाहीत आणि त्यांनी मागितल्या नाहीत.

सहाव्या दिवशी दुपारी मी एक मान घासत होते. घासताना डाव्या अंगाला कुणी आलं तर मला पत्ता लागत नाही. कुणीतरी आलं होतं, काहीतरी बोललंही असावं. मग एक सावली टेबलाला वळसा घालून हळूच माझ्या उजव्या बाजूला आली. सुकन्या. तिनं पाटी वाचली आणि फिरून आली, एवढंच. पण त्या घरातलं आपणहून माझ्या उजव्या बाजूला येऊन बोलणारं ते पहिलं माणूस होतं.

आबा स्टुलावरून उठले. स्टूल तिच्याकडं सरकवून म्हणाले, "हितं बस बाई. हितनं तिला ऐकू येतं."

तिनं कव्हरची चेन उघडली. गिटारीचं डोकं तारांना लोंबत होतं. मान जिथं जोडली होती तिथंच उघडली होती, गोंद पिवळा, खरवडल्यासारखा दिसत होता.

"मावशी, मी पाडली नाही," ती म्हणाली. "देवाशपथ. घरी पोचल्यावर कव्हर उघडलं तर मान अशी वाकडी. पप्पा म्हणतात, तूच आपटली असशील, तुझ्या हाताला वळणच नाही. आजी म्हणते, मोडली ती मोडली, वर खोटं बोलते. चार दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललेलं नाही. आता पप्पा म्हणतात क्लासच बंद." ती रडत नव्हती. रडून झालं असावं. "मी तुमची चिठ्ठी दहा वेळा वाचली. तुम्ही तर सगळ्या खोडी सांगता. तीनच होत्या. म्हणजे ही माझ्याच हातून झाली असणार ना? मला आठवत नाहीये, पण माझ्याच हातून झाली असणार."

माझ्या हातातला सँडपेपर खाली पडला. कुणालातरी धडा शिकवायला मी ती गाठ सोडली होती, आणि दोष जाऊन बसला तो पोरीच्या डोक्यावर. वीस वर्षांपूर्वी बसला होता तसाच. तेव्हा निदान मला ठाऊक होतं की मी काही केलेलं नाही. हिला तर स्वतःवरच शंका आली होती, आणि का, तर माझ्या चिठ्ठीवर हिचा विश्वास होता म्हणून. मला माझी इतकी चीड आली की क्षणभर डोळ्यांपुढं काही दिसेना.

"पप्पांचा नंबर लाव," मी म्हणाले. "आणि स्पीकरवर टाक."

"नको ना मावशी, ते अजून चिडतील."

"लाव."

कल्याणनं फोन उचलला. मी म्हणाले, "जया बोलतेय. सुकन्या माझ्यापुढं बसलीय. गिटार तिनं पाडली नाही. मान आधीच मोडलेली होती. मला माहीत होतं. चार खोडी होत्या, तुम्हाला तीन सांगितल्या. चौथी मी लपवली, मुद्दाम."

पलीकडं तो हसला. "वाटलंच मला. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार? बाप तशी लेक."

"म्हणा काय म्हणायचं ते. मी ऐकून घेईन. पण आधी पोरीला सांगा, तिची चूक नव्हती म्हणून. ती ऐकतेय."

"माझ्या पोरीला काय सांगायचं ते तुमी मला शिकवू नका."

"आन हिकडं," आबा म्हणाले. मला आधी कळलंच नाही ते कुणाशी बोलताहेत. त्यांनी हात पुढं केला होता. सुकन्यानं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडापुढं धरला, थेट समोर, एखाद्याचा गळा धरावा तसा.

"कल्यानराव, सूर्यभान बोलतोय. त्या दिशी बाजारात तुमी इचारलं, पोरीला गाठ का न्हाई मारली. मी बोललो न्हाई. आता बोलतो. न्हाई मारली, कारन ती खोड हाय असं आमच्या घरात कुनाला वाटलंच न्हाई. समदे तिच्या उजव्या अंगानं बसायचे, तिकडनं बोलायचे. सवय हुती. खोड जनावराला आसती. आनि खोटं न्हाई बोलत, जरा भ्यालो बी हुतो. स्थळ चांगलं हुतं. हिला उजवीकनं हाक मारा, एवढंच तुमाला सांगायचं हुतं. एका वाक्याचं काम. ते मी केलं न्हाई. चूक माजी हुती. तिची कदीच नव्हती. आता तुमच्या लेकीला तेवढं सांगा. उशीर करू नका, मी लई केला."

फोनमधून कारखान्याच्या भोंग्यासारखा कसलातरी आवाज येत राहिला. कल्याण म्हणाला, "आता काय उपेग त्याचा?"

"पप्पा," सुकन्या मध्येच म्हणाली. "मी पाडली नव्हती."

पलीकडचा भोंगा थांबला.

"न्हाई पाडली," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

मला जे कधी मिळालं नाही ते तिला मिळालं. दोनच शब्द, तेही ओढून काढलेले. तिचे खांदे खाली आले ते मी बघितलं आणि मग मी आबांकडं वळले. मऊ वगैरे काही झाले नव्हते. उलट अंगाचा भडका उडाला होता.

"वीस वर्षं!" मी म्हणाले. "वीस वर्षं लागली आणि सांगितलंत कुणाला, तर त्याला! मी इथं समोर बसलेय."

"तुला कुठल्या तोंडानं सांगू?" आबा म्हणाले. फोन अजून हातातच होता, तो त्यांना बंद झालेला कळलाच नव्हता.

सुकन्या माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं, पोरगी हुशार आहे. "आजी सांगते, आमच्या घरात एक बहिरी होती म्हणून," ती हळूच म्हणाली. "पप्पांच्या आधीच्या लग्नातली. ती तुम्ही?"

"तीच."

"पण तुम्हाला तर ऐकू येतं."

मी उठले आणि भिंतीवरची एक गिटार काढली. मोडलेलीपेक्षा चांगली होती, पण तिच्यातही होतंच काही ना काही. टेबलावर आडवी ठेवली आणि तपासायला लागले. आबांनी खिशातून सुतळी काढली. गाठी मारायला, सहा दिवसांत पहिल्यांदा.

"ब्रिजपाशी पॉलिश उडालंय," मी म्हणाले. एक गाठ. "कडेला टवका." दुसरी. "जाडी तार खालच्या बाजूला जरा बसका आवाज देते." तिसरी. आबांनी सुतळी माझ्याकडं सरकवली.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

"आता कसली? दिसत न्हाई मला."

मी चिठ्ठी लिहिली आणि सुकन्याला वाचायला दिली. तिनं आबांना ऐकू जाईल अशी वाचली. पहिल्या तीन खोडी सरळ वाचल्या. चौथ्या ओळीला अडखळली. "चार. विकणारीनं याआधी एक खोड लपवलेली आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. सुतळी परत ओढून घेतली, वळवली आणि गाठ मारायला लागले. सुतळी दोनदा निसटली.

"घट्ट मारा," मी म्हणाले. "मागची माझ्या दाभणानं सुटली."

"ही न्हाई सुटायची."

सुकन्या गिटार घेऊन गेली. पैसे मी घेतले नाहीत आणि त्यावर तिच्याशी वादही घातला नाही, नुसतं दाराकडं बोट दाखवलं. मोडकी गिटार टेबलावर होती. आता जोड पूर्ण उकलून नीट बसवायला लागणार होता, दोन दिवसांचं काम. मी गोंदाची बाटली शोधत होते तेव्हा आबा स्टूल उचलून परत आपल्या जागेवर बसले. माझ्या उजव्या हाताला, पत्र्यापाशी. सदरा पाठीला चिकटलेला.

मी लहान असताना बाजाराला जाताना हे कुठल्या बाजूनं चालायचे? मी आठवून बघितलं. जेवायला कुठं बसायचे? एसटीत? मला सगळीकडं ते एकाच बाजूला दिसले. आणि ती सतरंजी. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना उजवीकडं बसवलं ते लपवायला, की कायमच सगळ्यांना तिकडं बसवायचे म्हणून? थोडं हे असेल, थोडं ते. स्वतःच म्हणाले ना, भ्यालो होतो. ते मी माफ केलेलं नाही.

टेबलफॅन डावीकडच्या फळीवर माझ्या एकटीवर वारा मारत होता. मी उठले, त्याची मान धरली आणि उजवीकडं वळवली. टेबलावरचा सगळा भुसा उडून आबांच्या तोंडावर गेला. ते तीनदा शिंकले, डोळे पुसले, पण जागेवरून उठले नाहीत.